सांधे मोकळे झाले, पाळी मात्र थांबली

डॉक्टरकाकू, सप्रेम नमस्कार.

मी दाभोळ खाडीच्या काठच्या गावातली. वय ३१, लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. दोन वर्षांपूर्वी दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. सकाळी तासभर मूठ वळत नसे. चिपळूणच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि ‘या चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत’ असं बजावलं. आम्हाला तर मूल हवं होतं, म्हणून मी त्या महिन्याभरात सोडल्या. माझे मिस्टर बोटीवर असतात. गेल्या शिमग्याला घरी येताना त्यांनी चीनच्या बंदरातून सांधेदुखीच्या गोळ्यांच्या बाटल्या आणल्या. झाडपाल्याच्या आहेत, अपाय नाही, असं त्यांना दुकानदाराने सांगितलं. दिवसातून तीन वेळा दोन-दोन घेतल्या. दीड-दोन महिन्यांत हात एवढे सुधारले की विळीवर नारळ खवायला लागले, भाकऱ्या थापायला लागले. पण मे महिन्यापासून पाळी कमी होत गेली. जुलैत शेवटची आली, तेही नुसते डाग. दिवस गेले असं घरात सगळ्यांना वाटलं. जुलै-ऑगस्टात दोनदा तपासलं, एकच रेघ आली. आता दसरा झाला तरी पाळी नाही. रात्री एकदम अंग तापतं आणि घाम फुटतो. मिस्टर गणपती झाल्यावर बोटीवर गेले, पुढच्या शिमग्याला येतील. तेही कंबरदुखीसाठी याच गोळ्या घेतात. सासूबाई म्हणतात, पलीकडच्या वाडीतल्या आजी पाळी मोकळी व्हायला एक मूळ उगाळून देतात, ते घे. घेऊ का? झाडपाल्याच्या गोळ्यांनी पाळी जाऊ शकते का? बंद केल्या तर हात पुन्हा तसेच होतील ही भीती आहे. बाटलीचा फोटो सोबत ठेवला आहे. नाव-गाव छापू नये.

— एक वाचक, गुहागर तालुका

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. पहिल्या पानावर टपोरं, ओळीत बसवलेलं अक्षर आणि शेवटच्या पानावर पसरत, खाली घसरत गेलेलं. पेन धरून बोटं किती दमली असतील ते त्या अक्षरावरूनच कळलं.

आधी घाईचं तेवढं सांगते, बाकीचं सावकाश वाच. ते मूळ घेऊ नकोस, सहाणेवरचा एक वळसासुद्धा नको. बाटलीतल्या गोळ्या आजपासून बंद कर. आणि उद्या सकाळी पहिल्या लघवीवर गरोदरपणाची तपासणी पुन्हा एकदा कर. मागच्या दोन्ही तपासण्या ऑगस्टपर्यंतच्या, आणि मिस्टर गणपतीपर्यंत घरी होते. पाळी बंद असताना दिवस राहणार नाहीत असं धरून चालता येत नाही. या गोळ्या पोटातल्या बाळाला अपायकारक आहेत, म्हणून हे आधी कळायला हवं. दोन रेघा आल्या तर घाबरून कुठलंही औषध घेऊ नकोस, बाटली घेऊन सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

आणखी एक. सांधेदुखीच्या अशा बिनचिठ्ठीच्या गोळ्यांत आणि चूर्णांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आपल्याकडे आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या पुड्यांचीही तीच गत आहे. सात महिने पोटात गेलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं तर चक्कर, उलट्या, कमालीचा अशक्तपणा येऊ शकतो. म्हणून गोळ्या बंद केल्यावर दोन दिवसांच्या आत तुझ्या डॉक्टरांना भेट. चेहरा गोल झालाय का, पोटावर जांभळट रेषा उमटल्या आहेत का, ते आरशात नीट बघ आणि त्यांना सांग. अंग गळून गेलं, उलट्या सुरू झाल्या तर दोन दिवससुद्धा थांबू नकोस. सरळ दवाखान्यात जा आणि ‘स्टेरॉइड असू शकेल अशा गोळ्या घेत होते’ हे वाक्य आधी सांग.

आता बाटलीबद्दल. वरची चिनी अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण खालच्या बारीक इंग्रजी ओळीत ‘ट्रिप्टेरिजियम ग्लायकोसाइड्स’ असं लिहिलंय. तो दक्षिण चीनमधला एक वेल आहे. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी, चिनी नाव लेई गोंग तेंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाचा वेल. आपल्याकडच्या औषधांत तो नाही, त्यामुळे त्याचे गुणदोष आपल्या वैद्यांना किंवा जाणत्या आज्यांना माहीत असायचं कारण नाही. चीनमध्ये मात्र त्याची ओळख जुनी आहे. तिथे शेतकरी त्याच्या मुळाची पूड कीड मारायला वापरत आले आहेत, आणि त्याचा पाला खाऊन माणसं दगावलेली आहेत. औषधासाठी मुळाची साल पूर्ण सोलून आतला गाभा तेवढा घेतात, कारण सालीत विष जास्त.

असं असूनही हे औषध खोटं नाही, हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. तुझे हात सुधारले तो भास नव्हता. अमेरिकेत आमवाताच्या १२१ रुग्णांवर या वेलाच्या अर्काची चाचणी झाली, तिचे निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेला सल्फासॅलाझिन हे आमवाताचं नेहमीचं औषध होतं. २४ आठवड्यांनंतर ज्यांची तपासणी करता आली त्यांच्यात वेलाच्या अर्काने सुमारे ६५ टक्के लोकांना ठरलेल्या मापाचा आराम पडला, सल्फासॅलाझिनने सुमारे ३३ टक्क्यांना. चीनमध्ये आमवात, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही विकार यांवर डॉक्टर या गोळ्या देतात. पण देताना रुग्णाचं वय विचारतात आणि मूल हवं आहे का ते विचारतात. २०१२ साली तिथल्या औषध प्रशासनाने स्पष्ट इशारा दिला की मूल हवं असलेल्या स्त्री-पुरुषांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि मुलांना ही औषधं देऊ नयेत. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीही लोकांना लेई गोंग तेंगपासून दूर राहायला सांगितलं होतं. तुझ्या मिस्टरांना बंदरावर हे कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

वेलात पुष्कळ द्रव्यं आहेत, त्यातलं मुख्य ट्रिप्टोलाइड. १९७२ साली अमेरिकेत मॉरिस कुपचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगावर काही सापडतं का हे शोधताना ते वेगळं काढलं. कर्करोगावरचं औषध शोधताना सापडलेलं द्रव्य, एवढ्यावरूनच त्याची ताकद तुझ्या लक्षात येईल. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची नक्कल काढायचं काम अखंड चालू असतं. ती नक्कल निघाली तर पुढे प्रथिनं तयार होतात, पेशी जगते, वाढते. नक्कल काढणाऱ्या यंत्रणेतल्या एक्सपीबी नावाच्या भागाला ट्रिप्टोलाइड घट्ट चिकटतं आणि काम अडतं. २०११ साली हा उलगडा झाला. आमवातात आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशी खवळून सांध्यांवर चाल करून येतात. त्यांचं काम अडलं की सूज उतरते. तुझी मूठ वळायला लागली ती यामुळे.

पण रक्तात गेलेल्या औषधाला बोटाचा सांधा कुठला आणि बीजकोश कुठला हे कळत नाही. बीजकोशात प्रत्येक स्त्रीबीजाभोवती बारीक पेशींचं वेष्टण असतं. दर महिन्याला काही बीजं वाढीला लागतात तेव्हा या पेशी झपाट्याने दुणावतात, बीजाला पोसतात आणि इस्ट्रोजेन हे बाईचं संप्रेरक तयार करतात. ट्रिप्टोलाइडचा घाव नेमका या पेशींवर बसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे पायरीपायरीने दिसलं आहे: वेष्टणाच्या पेशी मरतात, वाढीला लागलेली बीजं सुकतात, इस्ट्रोजेन उतरतं. इस्ट्रोजेन नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर चढत नाही आणि पाळीला झडायला काही उरत नाही. इकडे मेंदूखालची ग्रंथी बीजकोशाला जागं करायला एफएसएच हे संप्रेरक जास्त जास्त सोडत राहते. तू लिहिलेला रात्रीचा घाम, एकदम तापणारं अंग, हे इस्ट्रोजेन उतरल्याचंच लक्षण वाटतं. पन्नाशीच्या बाईला जे व्हावं ते तुला एकतिसाव्या वर्षी होतंय. आणि हे उंदरांपुरतं नाही. या गोळ्या घेणाऱ्या बायकांची पाळी कमी होऊन थांबते हे चिनी डॉक्टर १९८० च्या दशकापासून पाहत आले आहेत.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, झाडपाल्याच्या गोळ्यांनी पाळी जाऊ शकते, आणि तुझी बहुधा त्यांनीच गेली आहे.

‘झाडाचं आहे, अपाय नाही’ हे कोकणातल्या माणसाने तरी म्हणू नये. काजऱ्याची बी तोंडात घालू नये हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. बिब्बा उतला तर अंगाची काय दशा होते ते आपण घरोघर पाहिलंय. आपले वैद्य बिब्बा आणि काजरा वापरतात, पण आधी शुद्ध करून, मोजून आणि रोगी बघून. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या कायद्यातही विषारी वनस्पतींची वेगळी यादी आहे. त्यातलं काही औषधात असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. माझं कुठल्याही पॅथीशी भांडण नाही. पण बाटलीवर हिरवं पान छापलं की आपण काजरा विसरतो आणि आत काय आहे, किती आहे, कोणाला चालत नाही, हे विचारायचं सोडून देतो.

तू डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल सांगितलं नसशील असं मी धरून चालते. बहुतेक जणी सांगत नाहीत, आणि त्यात पहिली चूक आम्हा डॉक्टरांची. मी सुरुवातीला विचारायचे, ‘कुठलं औषध चालू आहे?’ बायका म्हणायच्या, ‘काय नाय.’ काढा, चूर्ण, मंदिरातला अंगारा, भावाने दुबईहून आणलेल्या गोळ्या, हे त्यांच्या लेखी औषधच नसायचं. आता मी विचारते, ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेलं?’ मग पिशवीतून पुड्या निघतात.

आता पाळी परत येईल का ते. आंब्याचं बघ. मोहोर गळला तर त्या सालचं पीक गेलं, पण झाड जगलेलं असतं, पुढे पुन्हा मोहोरतं. फांदी आतून वाळली असेल तर गोष्ट वेगळी. तुझा मोहोर गळलाय एवढं दिसतंय, फांदीचं अजून कळायचं आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि उभ्या आयुष्यात पिकून सुटतात ती चार-पाचशे. हा साठा पुन्हा भरत नाही. औषधाने वाढीला लागलेलीच बीजं मारली असतील तर मागची निजलेली बीजं पुढे येतात आणि पाळी परत सुरू होते. साठ्यालाच धक्का लागला असेल तर कठीण. हे वयावर, गोळ्या किती घेतल्या आणि किती काळ घेतल्या यावर ठरतं. चाळिशीच्या आसपासच्या बायकांत पाळी कायमची जाण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. तरुण बायकांत औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ती परत आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तू ३१ ची आहेस आणि सात महिन्यांवर थांबते आहेस. मला आशा आहे. खोटा धीर द्यायला मी हे लिहीत नाही.

ते कळायला तपासण्या लागतील. एफएसएच, इस्ट्राडायोल म्हणजे रक्तातलं इस्ट्रोजेन, आणि एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती याचा अंदाज देणारी तपासणी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) यांच्या बिघाडानेही पाळी थांबते, तेही बघायलाच हवं. सगळा दोष गोळ्यांवर टाकून दुसरं काही नजरेआड व्हायला नको. खालच्या बाजूने केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांतल्या बीजांच्या लहान पिशव्या मोजता येतात, डॉक्टरांना तसं मोजायला सांग. शिवाय यकृत, मूत्रपिंड आणि पांढऱ्या पेशी तपासून घे, कारण हा वेल त्यांनाही सोडत नाही. रक्त चिपळुणात देता येईल, काही नमुने मुंबई-पुण्याला जातात आणि अहवालाला चार दिवस जास्त लागतात एवढंच.

अहवाल हातात आला की एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. एफएसएच २५ च्या वर आलं आणि कुणी तुला ‘बीजकोश संपले’ म्हणालं तरी त्या एका कागदावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या अंगात औषध नुकतंच होतं. चार-सहा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा कर, आणि तीन महिने झाल्यावर आणखी एकदा. बीज वाढीला लागल्यापासून सुटेपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला साधारण ८५ दिवस लागतात, म्हणून बीजकोशाला निदान तेवढी मुदत द्यायला हवी. दसरा ते शिमगा पाच महिने आहेत. तुझ्या घरात शिमग्याची तारीख टांगून ठेवली आहे हे मला पत्रात जाणवलं, आणि या एका बाबतीत ती तुझ्या बाजूची आहे. मात्र औषध थांबवल्यावर तीन महिने पूर्ण होईपर्यंत दिवस राहू देऊ नयेत, म्हणजे मार्गशीर्ष-पौषापर्यंत. मिस्टर समुद्रावर आहेत, तेव्हा ती काळजी आपोआप मिटली.

पाळी परत आलीच नाही तर? मग संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्या लागतील, त्याही पाळी जाण्याचं नैसर्गिक वय होईपर्यंत, कारण इस्ट्रोजेनवाचून तिशीतच हाडं ठिसूळ होतात. त्या गोळ्यांना घाबरून नाही म्हणू नकोस. अशा बायकांतही अधूनमधून एखादं बीज सुटतं आणि दिवस राहतात. ते नाही झालं तर दात्या स्त्रीच्या बीजाचा मार्ग आहे, २०२१ च्या कायद्याने त्याचे नियम ठरले आहेत. पण तो रस्ता आज बघत बसू नकोस.

मिस्टरांचं तू एका ओळीत उरकलंस. मी ती ओळ तीनदा वाचली. या वेलाचा प्रजननावर परिणाम होतो हे आधी ठळकपणे दिसलं ते पुरुषांत. चीनमध्ये १९८० च्या दशकात आमवातासाठी या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांच्या वीर्यातले शुक्रजंतू कमी झालेले आणि मंदावलेले आढळले. इतके की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याचा अभ्यास सुरू झाला. म्हणजे शिमगा ते गणपती हे सहा महिने तुम्ही मुलासाठी प्रयत्न करत होता आणि दोघंही रोज नकळत मूल होऊ न देणारं औषध घेत होता. हे लिहिताना माझाच जीव कळवळतो. आजच त्यांना व्हॉट्सअॅपवर कळव की गोळ्या बंद करा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांचं वीर्य हळूहळू पूर्वपदावर येतं. घरी आले की पहिल्या आठवड्यात वीर्यतपासणी. सहा वर्षांत ती एकदाही झाली नसेल तर ती तशीही व्हायलाच हवी होती. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखव. तपासणी एकट्या सुनेची करून चालत नाही, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकू दे.

आता हात. तुझी भीती खरी आहे, गोळ्या थांबल्या की सूज परत येईल. म्हणून दुखणं अंगावर काढायचं नाही आणि दुसरी बाटलीही शोधायची नाही. चिपळूणच्या डॉक्टरांनी तुला आठवड्यातून एकदा दिलेली गोळी बहुधा मेथोट्रेक्सेट असावी. दिवस राहू देऊ नका हे त्यांनी बरोबरच सांगितलं, कारण ती गर्भाला घातक असते. पण मूल हवं असलेल्या बाईच्या आमवातावर काही औषधच नाही असं तू समजून बसलीस, तिथे घोटाळा झाला. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासॅलाझिन ही औषधं गरोदरपणातही चालू ठेवता येतात. पहिल्यात मधूनमधून डोळे तपासायचे, दुसऱ्याबरोबर फोलिक अॅसिड घ्यायचं. फोलिक अॅसिड तर मूल हवं असलेल्या प्रत्येकीनेच आधीपासून घ्यावं. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे बोल: ‘मला मूल हवंय, त्याला चालेल असं औषध द्या.’ शक्य असेल तर एकदा मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरच्या संधिवाततज्ज्ञांना दाखव, नंतरची देखरेख चिपळुणातही होईल. आमवात आटोक्यात आल्यावर राहिलेलं गरोदरपण आईला आणि बाळाला दोघांनाही सोपं जातं, म्हणून हे दोन्ही उपचार एकत्रच चालायला हवेत. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेत असशील तर खुशाल घे. तो वरून आहे, बोटांना बरं वाटतं.

आणि ते मूळ. आजी कुठलं देतात ते तू लिहिलं नाहीस, कदाचित त्या सांगतही नसतील. पाळी ‘मोकळी’ करायला आपल्याकडे दिली जाणारी दोन मुळं मला ठाऊक आहेत. एक सापसणीचं. सापसण ज्या कुळातली आहे त्या वेलांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाच्या जागी चुकून याच कुळातलं दुसरं मूळ गेलं आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं बिघडली. मुळं सुकली की एकमेकांसारखीच दिसतात.

दुसरं कळलावीचं. कळा लावते म्हणून कळलावी. श्रावणात गडग्यावर, कुंपणावर लाल-पिवळी, ज्वाळेसारखी उलटी वळलेली फुलं येतात तीच. कंद खणला तर दोन बोटं फाकवल्यासारखा, नांगराच्या फाळासारखा दिसतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते पेशींचं विभाजन थांबवतं. बरीच वर्षं झाली, भर पावसात एका बाईला तराफ्यासारख्या होडीतून खाडीपार करून माझ्याकडे आणलं होतं. पाळी चुकली म्हणून कुणीतरी मूळ उगाळून दिलेलं. आदल्या रात्रीपासून उलट्या आणि जुलाब, नाडी हाताला लागेना. सहा दिवस आम्ही तिच्या उशाशी होतो. ती वाचली. बाराव्या-तेराव्या दिवशी तिच्या आईने तिचे केस विंचरायला घेतले आणि फणीबरोबर झुबकेच्या झुबके हातात आले. आई ते केस पदरात गोळा करत होती, खाली पडू देत नव्हती. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरून यायला महिना लागला. केस पुढे आले, पण तो पदर माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही.

तुझे बीजकोश आधीच एका विषाने थकलेले आहेत. अस्तरच चढलेलं नसताना ‘मोकळं’ काय करणार? आतून तुंबलेलं काही नाही. सासूबाई तुझ्या वाईटावर नाहीत हे मी जाणते, त्या आजीही नसतील. त्यांना सांग, डॉक्टरकाकूंनी शिमग्यापर्यंत काहीही उगाळून द्यायला मनाई केली आहे. माझं नाव पुढे कर, तुला वाद घालावा लागणार नाही.

उरलेल्या बाटल्या फेकू नकोस, खाडीत तर नकोच. एका पिशवीत घालून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी वर ठेव आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर ने. औषधाचा असा त्रास झाला तर तो नोंदवता येतो, १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा सरकारी फुकट क्रमांक आहे. तुझ्या डॉक्टरांना नोंद करायला सांग किंवा तू स्वतः फोन कर. तुमच्या भागात बोटीवर जाणारी माणसं घरटी एक आहेत. याच बाटल्या आणखी कोणाच्या कपाटात असतील, आणि त्या घरातल्या सुनेलाही कुणी तरी मूळ उगाळून देत असेल.

अहवाल आले की त्यातले आकडे आणि त्यापुढे छापलेली मापं जशीच्या तशी मला कळव. आणि बाय माझे, हाताने लिहीत बसू नकोस. फोनवर बोलून रेकॉर्ड कर आणि पाठवून दे, मी ऐकेन.